'इन कॅमेरा' : कॅमेरा चालू की बंद?

तिरपा_टांगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एकाच दिवसाचा पेपर, एकच पान, दोन बातम्या. वरची : 'पीडितेची साक्ष इन कॅमेरा'. म्हणजे दारं बंद, पत्रकार बाहेर. खालची : 'कोठडीतील मृत्यू, नातेवाइकांच्या मागणीवरून इन कॅमेरा शवविच्छेदन'. म्हणजे सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. त्याच दोन शब्दांनी एकीकडे लपवायचं आणि दुसरीकडे दाखवायचं.

मूळ लॅटिन 'कामेरा' म्हणजे खोली, एवढं ठाऊक आहे. म्हणून माझं मत असं की पहिला वापर बरोबर आणि दुसरा निव्वळ अडाणीपणा. ग्रामसभा इन कॅमेरा, मतमोजणी इन कॅमेरा, उद्या बारसंही इन कॅमेरा होईल. हे थांबवायला हवं की नको? आणि खोलीचा शब्द फोटोच्या यंत्राला चिकटला कसा, तेही जाणकारांनी सांगावं.

खारी_बटर

आमच्या सोसायटीची सभा दोन्ही अर्थांनी इन कॅमेरा असते. सभासदांना आत घेत नाहीत आणि सीसीटीव्ही सेक्रेटरीच्या डोक्यावरच आहे.

वकीलसाहेब

कोर्टातल्या वापरापुरतं सांगतो. 'इन कामेरा' म्हणजे 'खोलीत'. खोली कुणाची, तर न्यायाधीशांची. खुल्या दालनात सर्वांसमोर न ऐकता आतल्या खोलीत ऐकायचं, यावरून आलं. आज प्रत्यक्षात खोली बदलत नाही. त्याच कोर्टरूममधून संबंध नसलेल्यांना बाहेर काढतात, शिपाई दार लावून घेतो, झालं इन कॅमेरा.

आपल्याकडे हे कुठेकुठे लागतं? हिंदू विवाह कायद्याचं कलम २२, कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चं कलम ११, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा २०१२, त्याचं कलम ३७. बलात्काराच्या खटल्यांना मात्र १९८३ च्या दुरुस्तीनंतर लागलं. त्या दुरुस्तीमागे आपल्याच देसाईगंजचं मथुरा प्रकरण आहे, पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याच्या आरोपाचं. घटना १९७२ ची, पुढे सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं आणि देशभर आंदोलन पेटलं. तीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे.

नियम उघड्या न्यायालयाचाच, बंद दार हा अपवाद. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९१३ मध्ये स्कॉट विरुद्ध स्कॉट खटल्यात हे ठासून सांगितलं. आपल्याकडे १९६६ चं नरेश मिराजकर प्रकरण वाचा. मुंबई उच्च न्यायालयाने एका साक्षीदाराची साक्ष छापायला मनाई केली, पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले, नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं. पत्रकार हरले, कारण गरज पडल्यास दार लावून घेण्याचा अधिकार न्यायालयाकडे अंगभूत आहे असं ठरलं.

तिरपा_टांगा

धन्यवाद वकीलसाहेब. म्हणजे शवविच्छेदनवाले चूकच ना?

वकीलसाहेब

कायद्याच्या भाषेत 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असा प्रकार नाही. कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्ये राज्यांना कळवलं, त्यातून ती पद्धत रुजली. नाव मराठी वार्ताहरांनी ठेवलं.

पण गंमत अशी की पॉक्सोत मुलाचा जबाब शक्य असेल तिथे दृक्‌श्राव्य माध्यमात नोंदवायचा असतो आणि खटला बंद दाराआड चालतो. तिथे दोन्ही अर्थ एकाच फायलीत सुखाने नांदतात.

वरणफळं

यंत्राला नाव कसं पडलं त्याचं उत्तर देते. अंधारी खोली घ्या, भिंतीला बारीक छिद्र पाडा, समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं पडतं. ही गोष्ट फार जुनी. बसऱ्याच्या इब्न अल-हैथमने हजारेक वर्षांपूर्वी तिचा नीट अभ्यास केला. पण 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, हे शब्द वापरले केप्लरने, १६०४ मध्ये. हो, ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार म्हणणारा तोच केप्लर. पुढे खोलीचा तंबू झाला, तंबूची पेटी झाली, पेटीत भिंग बसलं. डॅनियल काका-पुतण्या अशीच पेटी घेऊन अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानभर चित्रं काढत फिरले, घारापुरी आणि कान्हेरीलाही आले. एकोणिसाव्या शतकात त्या पेटीत रासायनिक लेप दिलेला पत्रा ठेवला, चित्र टिकायला लागलं, आणि 'अंधारी' गळून नुसती 'खोली' उरली.

म्हणजे खिशातल्या मोबाइललाही खोल्या आहेत. काहींना तीन-तीन.

पुलाखालचं_पाणी

मुंबईत तीन खोल्या खिशात! बिल्डरला कळवू नका.

सत्यशोधक_७७

हे सगळं युरोपियनांनी ढापलेलं आहे. मूळ शब्द अरबी 'कमरा'. इब्न अल-हैथमने अंधाऱ्या खोलीला 'कमरा' म्हटलं, त्यावरून कॅमेरा. हिंदीतला कमराही तोच. व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर लेख आला होता, शोधून टाकतो.

शिलालेख

@सत्यशोधक_७७, तो लेख माझ्याही तीन गटांवर येऊन गेलाय. नका शोधू.

इब्न अल-हैथमचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, पण त्याचा शब्द 'अल-बैत अल-मुझ्लिम', अंधारं घर. शेरातला 'बैत', बैतुलमालमधला 'बैत', तोच हा. आणि लॅटिन 'कामेरा' त्याच्या आधी हजारभर वर्षं रुळलेला होता. तो त्यांनी घेतला ग्रीक 'कामारा'वरून. ग्रीकमध्ये इतिहासकार हिरोडोटस, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचवं शतक, बाबिलोनच्या वर्णनात हा शब्द वापरतो आणि तिथे त्याचा अर्थ आहे वरून झाकलेली गाडी. खोली नव्हे! मूळ कल्पना आहे वाकलेलं छत.

लॅटिनमध्येही आधी छतच. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथात 'कामेरा' कशी करायची ते सांगतो : लाकडी पट्ट्या वाकवून टांगायच्या, त्यांना बोरू बांधायचे, खालून चुन्याचा गिलावा. रोमन इतिहासकार टॅसिटस काळ्या समुद्रावरच्या चाच्यांच्या होड्यांना 'कामारा' म्हणतो. लाटा वाढल्या की ते बाजूच्या फळ्या चढवत नेत, अखेर त्या डोक्यावर मिटून छप्पर तयार होई.

अरबीत 'कमरा' हा शब्द आहे, पण अर्थ बोटीवरची खोली. तो भूमध्य समुद्रावरच्या खलाशांकडून अरबीत गेला, तिकडून इकडे आला नाही. तुर्कीतही 'कामारा' म्हणजे बोटीतली केबिन, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सला ते 'लॉर्डलार कामारासी' म्हणतात.

सत्यशोधक_७७

तुमचं बरोबर कशावरून? इतिहास जेते लिहितात.

शिलालेख

हिरोडोटसच्या वेळी अरबी जेते निघालेच नव्हते हो.

बार्देशकार

हिंदी 'कमरा' आमच्याकडून गेला, म्हणजे पोर्तुगिजांकडून. पोर्तुगीज 'कामारा' म्हणजे खोली, दालन आणि नगरपालिकासुद्धा. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत म्हापसा, मडगावच्या पालिका म्हणजे 'कामारा म्युनिसिपाल'. असे शब्द कुठल्या आशियाई भाषेत कसे पोचले, ते आसगावच्या मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९१३ साली एका जाडजूड ग्रंथात नोंदवून ठेवलंय. बंगालीत 'कामरा' रेल्वेच्या डब्याला म्हणतात. सिंहलीत खोली म्हणजे 'कामरय'.

मला पडलेला प्रश्न वेगळाच. मराठी तर पोर्तुगिजांच्या शेजारची. बटाटा घेतला, पाव घेतला, पगार, चावी, लिलाव, घमेलं, बिजागरी घेतली. मग 'कमरा' हिंदीला का देऊन टाकला?

आजीचा_चष्मा

कारण आमच्याकडे जागाच नव्हती :) ओटी, पडवी, ओसरी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कोठीची खोली, माडी, सोपा, खण. प्रत्येकीला नाव होतं आणि प्रत्येकीत कोणी बसायचं तेही ठरलेलं. सासऱ्यांनी माजघरात पाय ठेवण्याआधी खाकरायचं. अशा घरात नुसता 'कमरा' घेऊन करणार काय?

बार्देशकार

हे पटलं आजी. पण एक पोर्तुगीज खोली तुम्ही घेतलीत बरं का. तुरुंग! पोर्तुगीज 'त्रोंकु', लॅटिन 'त्रुंकुस', म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय लाकडाच्या ओंडक्यात अडकवायचे, त्यावरून कैदखाना.

शिलालेख

आणि रशियनमध्ये 'कामेरा' म्हणजे तुरुंगातली कोठडी! स्टेशनवर सामान ठेवायची जागासुद्धा 'कामेरा', पण फोटोच्या साध्या कॅमेऱ्याला ते 'फोटोअपारात' म्हणतात. कोठडीचा अर्थ नवा नाही. रोमच्या तुल्लियानुम तुरुंगाचं रोमन इतिहासकार सॅलस्टने वर्णन केलंय, जिथे इसवी सनापूर्वी ६३ मध्ये सत्ता उलथवण्याचा कट करणाऱ्या कॅटिलीनच्या साथीदारांना गळे आवळून मारलं. त्यातही छताला 'कामेरा' शब्द आहे.

मॉस्को_रिटर्न

रशियनमध्ये खोलीला 'कोम्नाता' म्हणतात. तोही यातलाच का?

शिलालेख

नाही, तो लॅटिन 'कामिनाता'वरून, म्हणजे शेकोटी असलेली खोली. इंग्रजी 'चिमणी' त्याची बहीण. आपल्या कंदिलावरची काचेची चिमणीही तीच. यातला खरा नातेवाईक पोलिश 'कोमोरा'. आणि त्यांचा 'कोमोर्निक' म्हणजे जप्ती आणणारा बेलिफ. पूर्वी तो राजाच्या खोलीतला सेवक होता.

जकार्ताकर

इंडोनेशियात खोलीला 'कामार' म्हणतात, डच 'कामर'वरून. 'कामार मान्दी' म्हणजे न्हाणीघर, 'कामार कचिल' म्हणजे छोटी खोली, अर्थात संडास. नवीन आलेल्या आपल्या लोकांना हॉटेलात 'कामार' विचारलं की ते कंबर धरतात.

डच ईस्ट इंडिया कंपनीचे सहा विभाग होते, ॲम्स्टरडॅम वगैरे, त्यांनाही 'कामर'च म्हणत. सतराव्या शतकात त्याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती.

बोरूबहाद्दर

@जकार्ताकर, कंबर धरतात ते अगदीच चूक नाही!

आपली 'कंबर' फारसी 'कमर'वरून. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, 'कमरा' म्हणजे कमरपट्टा. आणि काही भाषाशास्त्रज्ञ ग्रीक 'कामारा' (वाकलेलं छत) आणि हा 'कमरा' (अंगाभोवती वळलेला पट्टा) यांचं मूळ एक मानतात. बाकीचे म्हणतात, योगायोग आहे. मी कुंपणावर बसलोय.

पण यापेक्षा मला दुसरीच गोष्ट मोहात पाडते. लॅटिन 'कामेरा' फ्रेंचमध्ये 'शांब्र' होतो आणि इंग्रजीत 'चेंबर'. मधला 'ब' आला कुठून? मधला स्वर गळून म आणि र शेजारी आले. म म्हणताना ओठ मिटलेले असतात, र साठी ते उघडावे लागतात, त्या उघडण्यात फटकन ब निघतो. लॅटिन 'नुमेरुस' फ्रेंचमध्ये 'नोंब्र' झाला तो असाच, आणि त्यातून 'नंबर'.

आता मराठी बघा. आम्र, आंबा. ताम्र, तांबं. आणि फारसी कमर, मराठी कंबर. पॅरिसचा माणूस आणि पैठणचा माणूस एकमेकांना न विचारता तेच करत होते. हिंदीने कमर तशीच ठेवली, आपण तिला ब लावला. हे कळल्यापासून 'कंबर' अशुद्ध आणि 'कमर' शुद्ध म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय, नुसता आंबा पुढे करतो.

तांबडा_फेटा

जबरी प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

आणि इंग्रजीने आपला कमरबंद परत नेलाच की, 'कमरबंड' म्हणून. कोटाखाली पोटावर बांधतात तो.

खारी_बटर

सगळं मूळ संस्कृतातून आलं म्हणणारे अजून आले नाहीत. धागा आजारी आहे का?

गिरणगावकर

एक राहिलं. कॉम्रेड! स्पॅनिश 'कामारादा' म्हणजे एका खोलीत राहणारे सैनिक. आधी सगळ्या खोलीला मिळून, मग त्यातल्या एकेकाला. तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी. समाजवाद्यांनी तो उचलला एकोणिसाव्या शतकात, आणि आमच्याकडे गिरणी कामगार युनियनच्या १९२८ च्या संपापर्यंत लाल बावट्याबरोबर घरोघरी पोचला. कॉम्रेड डांगे म्हटल्याशिवाय नाव पुरं होत नसे.

लालबाग-परळला हा शब्द शब्दशः खरा होता. एका खोलीत एका गावचे वीस-वीस पुरुष. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर आडवी. खाणावळ एक, खुंट्या वेगळ्या. त्यांना कॉम्रेड हा शब्द समजावून सांगायची गरजच नव्हती.

बार्देशकार

आमच्या गोंयकारांचे मुंबईतले क्लब त्याच धर्तीचे, धोबीतलावला. त्यांना म्हणतात 'कूड', आणि कोंकणीत कूड म्हणजे खोलीच. बोटीवर काम करणारे खलाशी दोन सफरींमध्ये तिथे उतरत. गावागावांचे वेगळे कूड, भिंतीला पत्र्याच्या ट्रंका, समोर आल्तार (वेदी), रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना).

मॉस्को_रिटर्न

पण खुद्द रशियात कुणी कॉम्रेड म्हणत नसत. त्यांचा शब्द 'तवारिश', तुर्की भाषांतून आलेला, त्यात 'तवार' म्हणजे माल. व्यापारातला भागीदार.

बोरूबहाद्दर

आणि आपल्या समाजवाद्यांचा 'साथी'! साथ आली संस्कृत 'सार्थ'वरून, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. सार्थवाह त्यातलाच. रशियनांनी मालावरून सोबती केला, आपण तांड्यावरून, स्पॅनिशांनी खोलीवरून. इंग्रजी 'कंपॅनियन' म्हणजे भाकरीतला वाटेकरी, 'पानिस' म्हणजे भाकरी. तोच 'पानिस' पोर्तुगीज होऊन आपल्या वडापावात बसलाय.

पुलाखालचं_पाणी

कॅबरेसुद्धा याच खानदानातला म्हणतात, उत्तर फ्रान्सच्या बोलीत 'छोटी खोली'. म्हणजे हेलन आणि कॉम्रेड डांगे मावसभावंडं. पॉलिटब्युरोने नोंद घ्यावी.

गिरणगावकर

घेतली. निषेधाचा ठराव पुढच्या बैठकीत.

नळदुरुस्ती

आमच्या धंद्यात चेंबर म्हणजे एकच. गटाराचं. 'चेंबर तुंबलंय', 'चेंबरचं झाकण चोरीला गेलं'. पण आतून बघा, जुनी विटांची चेंबरं वर निमुळती होत वाकलेली असतात. वरच्या ग्रीकवाल्यांचं वाकलेलं छत शिल्लक असेल तर ते आमच्याकडे आहे, तुमच्या खोल्यांना तर सपाट स्लॅब.

शिलालेख

@नळदुरुस्ती, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. व्हिट्रुव्हियसने तुम्हाला कामावर ठेवलं असतं.

नळदुरुस्ती

ॲडव्हान्स देत असेल तर बघू.

वरणफळं

पोपच्या मृत्यूनंतर कारभार बघणारा 'कामेरलेंगो' राहिला की. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेल्याचं जाहीर केलं ते कार्डिनल फॅरेल हेच पद सांभाळत होते. इथली खोली म्हणजे खजिन्याची. आपल्या 'कोठी'वरून 'कोठावळे' आडनाव झालं तसलाच प्रकार.

तिरपा_टांगा

मंडळी, रोम, जकार्ता, गटार, सगळं पाहून झालं. आता मूळ प्रश्नाकडे या. इन कॅमेरा शवविच्छेदन चूक की नाही? मी अजून ठाम आहे, चूक.

बोरूबहाद्दर

माझं मत उलट आहे. छताची खोली झाली, खोलीची तिजोरी, कोठडी, पालिका, संडास, सोबती. प्रत्येक पायरीवर कुणीतरी तिरपा_टांगा उभा असणार, 'अहो, याचा मूळ अर्थ छत आहे' म्हणत. मराठीत 'कॅमेरा' म्हणजे यंत्र, ठाम. मग 'कॅमेऱ्यात' म्हणजे चित्रीकरणात, असं ऐकणाऱ्याला वाटणारच. 'इन कॅमेरा शवविच्छेदन' हा लॅटिनचा चुकीचा वापर नाही, तो मराठीतला नवा शब्दप्रयोग आहे. अडाणीपणा तर मुळीच नव्हे. कोठडीत पोरगा मेलाय, बाप डॉक्टरांवर विश्वास ठेवायला तयार नाही, तो म्हणतो 'इन कॅमेरा करा'. त्याला काय हवंय ते सगळ्यांना कळतं.

वकीलसाहेब

कळतं, तोवर ठीक. पण एखाद्या अधिकाऱ्याने लेखी आदेशात 'चौकशी इन कॅमेरा करावी' असं लिहिलं तर? एक बाजू म्हणेल दार लावा, दुसरी म्हणेल शूटिंग करा. बापाला हवा तो पुरावा त्या एका शब्दात बुडू शकतो. बोलताना काहीही म्हणा, आदेशात 'ध्वनिचित्रमुद्रणासह' किंवा 'बंद दाराआड' असं सरळ लिहा. आता तर २०१८ च्या स्वप्नील त्रिपाठी निकालानंतर न्यायालयांचं थेट प्रक्षेपण सुरू झालंय आणि त्यातून वगळायची प्रकरणं बहुतेक हीच, वैवाहिक आणि लैंगिक अत्याचाराची. म्हणजे तिथे इन कॅमेरा म्हणजे कॅमेरा बंद.

बोरूबहाद्दर

आदेशापुरतं मान्य. बातमीपुरतं नाही.

तिरपा_टांगा

बातमीतही का नको? 'बंद दाराआड सुनावणी', 'चित्रीकरणासह शवविच्छेदन'. स्वच्छ मराठी आहे की.

रात्रपाळी_उपसंपादक

इतका वेळ नुसता वाचत होतो. दोन स्तंभी मथळा, जिल्ह्याचं पान, रात्रीचे साडेअकरा. 'इन कॅमेरा' पाच अक्षरं. 'चित्रीकरणासह' सात, आणि 'शवविच्छेदन' आधीच सहा खाऊन बसलंय. 'बंद दाराआड' मात्र सहात बसतं, ते मी आजपासून सुरू करतो. शवविच्छेदनाला पाच अक्षरी काही असेल तर सुचवा, पान बाराला सुटतं.

खारी_बटर

'शूटिंगसह'. मोजा, पाचच.

रात्रपाळी_उपसंपादक

शूटिंगसह शवविच्छेदन? वाचक विचारतील हिरो कोण.